खुंट्यावरची मोटार

वाहनांचा इतिहास लिहिणारे लोक चाकांविषयी पुष्कळ लिहितात आणि वैरणीविषयी फार थोडे. चाकाला आऱ्या केव्हा बसल्या, लोखंडी धाव जाऊन रबराची कधी आली, ह्याच्या सनावळ्या सापडतात. पण रात्री बैलाला काय मिळत होते, टांग्याच्या घोड्याला चंदी कोण घालीत होते आणि कोठे, हा प्रश्न त्या पुस्तकांत सहसा डोकावत नाही. संसारी माणसाला मात्र तोच प्रश्न आधी पडतो. वाहन दिवसा कोठवर जाते ह्यापेक्षा ते रात्री कोठे उभे राहते आणि तेथे त्याच्या पोटाची सोय काय, ह्यावरच ते दारी टिकणार की नाही हे ठरत असते.

ह्या दृष्टीने पाहिले तर अलीकडच्या काळातले सर्वांत गमतीचे वाहन म्हणजे प्लग-इन हायब्रिड मोटार. हिला दोन तोंडे असतात. एका तोंडाने ती पंपावर पेट्रोल पिते आणि दुसऱ्या तोंडाने घरच्या भिंतीतील खटक्यावरून वीज घेते. दुतोंडी म्हटले की आपल्याकडे शिवी होते; पण ह्या गाडीचा दुतोंडीपणा उपयोगाचा आहे. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर घरच्या विजेवर व्हावेत आणि लांबच्या गावी जाताना पेट्रोल हाताशी असावे, असा हिशेब. केवळ विजेच्या गाडीला वाटेत थांबण्याची जी धास्ती असते ती हिला नाही, आणि केवळ पेट्रोलच्या गाडीचा रोजचा खर्चही नाही. कागदावर तरी असेच आहे. कागद आणि अंगण ह्यांत जे अंतर पडते, त्याचाच हा थोडासा इतिहास. तो सक्करदऱ्यात उभे राहून पाहिला तर अधिक नीट दिसतो.

सक्करदरा म्हणजे जुन्या नागपूरच्या दक्षिण अंगाचा भाग. येथे नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा आहे, तलाव आहे, बुधवारचा बाजार आहे. ह्याच वाड्यात राजे रघूजीराव भोसल्यांकडे ताजुद्दीन बाबांचे वास्तव्य होते. १९२५ साली ते गेले आणि उमरेड मार्गावरच्या ताजबागेत त्यांचा दर्गा झाला. उमरेडचा हा रस्ता पूर्वी बैलबंड्यांचा होता. धान्य, भाजी आणि जळाऊ लाकूड घेऊन बंड्या नागपुरात येत. बड्या घरची माणसे दमणीतून किंवा रेंगीतून जात. ह्या सर्व वाहनांचे इंधन घरचे असे. तुरीचे कुटार, ज्वारीचा कडबा, थोडी सरकी, सणासुदीला ढेप. संध्याकाळी बैल सोडला की तो खुंट्याला बांधावयाचा, गव्हाणीत वैरण टाकावयाची, पाणी दाखवावयाचे आणि मग आपण जेवावयास बसावयाचे, हा शिरस्ता कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडतही नसे. ज्याने तो मोडला त्याची बंडी सकाळी निघत नसे, इतके साधे ते शास्त्र होते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी बैल मिरवतात. हा तान्हा पोळा दुसऱ्या रघूजीराजांनी सुरू केला असे नागपूरकर अभिमानाने सांगतात. वैरण न लागणारा बैल फक्त मुलांच्या खेळातच असतो, हे त्या पोरांच्या आईबापांना ठाऊक असे.

पेट्रोलच्या मोटारीने हा शिरस्ता मोडला. वाहनाचे पोट घराबाहेर गेले. रात्री मोटार कोठेही उभी करा, तिला काही मागावयाचे नसते. टाकी रिकामी झाली की पंपावर जावे, पाच मिनिटांत भरून घ्यावी, झाले. ही सोय इतकी मोठी होती की तिच्यापुढे बाकीची वाहने हरली. त्या हरणाऱ्यांत विजेची मोटारही होती, हे आज पुष्कळांना नवल वाटते. १९०० सालाच्या सुमारास अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेच्या होत्या. त्यांना आवाज नव्हता, वास नव्हता आणि सुरू करण्यासाठी पुढे जाऊन लोखंडी दांडा फिरवावा लागत नसे. ह्या दांड्याने कित्येकांचे मनगट मोडले होते. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग ह्याने केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि दांड्याची भीती गेली. म्हणजे पेट्रोलच्या गाडीत एवढीशी वीज शिरली, आणि तिनेच विजेच्या गाडीला घराबाहेर काढले. इतिहास कधी कधी असा सख्ख्या बहिणींत भांडण लावतो.

दोन शक्ती एकाच गाडीत जुंपण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे ह्या तरुण यंत्रज्ञाने व्हिएन्नातील लोनर कंपनीत असताना १९०० च्या सुमारास अशी गाडी बनविली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन चाके फिरवीत नसे. ते फक्त वीज निर्माण करी, आणि त्या विजेवर चाकांच्या तुंब्यांतील मोटारी फिरत. गाडी चांगली होती, पण जड आणि महाग. जग पेट्रोलच्या मागे निघून गेले आणि ही कल्पना कपाटात पडली.

आपल्या देशात मात्र दोन इंधनांची गाडी एकदा खरोखरच रस्त्यावर आली होती, आणि तीही गरजेपोटी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारबसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसविण्यात आल्या. उंच पिंपासारख्या त्या भट्टीत लोणारी कोळसा पेटवावयाचा, हवा बेताची द्यावयाची, म्हणजे तो पुरता न जळता जळाऊ वायू सोडतो. तो गाळून इंजिनात न्यावयाचा. निघण्याआधी बराच वेळ भट्टी फुलवावी लागे. गाडी बहुधा थोड्या पेट्रोलवर सुरू करावयाची आणि वायू नीट येऊ लागला की त्यावर घालावयाची. चढावर जोर कमी पडे, मग उतारूंनी खाली उतरावे. गाळण्या राखेने भरत. चालकाचे आणि क्लीनरचे तोंड काळे होई. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागताच ह्या भट्ट्या नाहीशा झाल्या, आणि त्यांच्यासाठी कोणी दोन अश्रू ढाळल्याची नोंद नाही. त्यांची एक शिकवण मात्र राहिली: ज्या गाडीला दोन इंधने असतात, त्या गाडीचा मालक संधी मिळताच कमी कष्टाचे इंधन निवडतो. त्याला स्वस्त कोणते आणि देशहिताचे कोणते हे पुष्कळ कळत असते. पण भल्या पहाटे भट्टी फुलविण्याचा कंटाळा त्या कळण्यापेक्षा बलवान ठरतो.

ही शिकवण पुढे साठ-सत्तर वर्षांनी जशीच्या तशी पुन्हा उपयोगी पडली. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली. तिच्यात पेट्रोल आणि वीज दोन्ही होती. पण वीज गाडीतच तयार व्हावयाची, ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवून ठेवावयाची. भिंतीला तार लावावी लागत नाही, हीच तिची जाहिरात होती. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक हे कित्येक वर्षे सांगत होते की, तार लावावी, म्हणजे रोजचे जाणे-येणे पेट्रोलवाचून होईल. २००४ साली कॅलिफोर्नियातील काही उत्साही मंडळींनी प्रियसमध्ये जादा बॅटऱ्या घालून तिला घरच्या विजेची तार जोडून दाखविली. मग कारखानदार जागे झाले. २००८ च्या डिसेंबरात चीनच्या बी.वाय.डी. कंपनीने अशी गाडी विक्रीस आणली. २०१० च्या डिसेंबरात अमेरिकेत शेवरले व्होल्ट आली. व्होल्टची बॅटरी सोळा युनिटांची होती आणि तीवर ती सुमारे ५६ किलोमीटर जाई, पुढे पेट्रोल.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या परिचयाची ही गाडी आहे. तेथे स्वतंत्र घर, घराला लागून गॅरेज आणि गॅरेजच्या भिंतीत विजेचे खटके, हा सरंजाम बहुतेकांकडे तयारच असतो. संध्याकाळी आल्यावर दिवे बंद करावे, दार लावावे आणि जाता जाता तार खोचावी. साध्या खटक्यावर व्होल्टला रात्रभर, म्हणजे दहाएक तास लागत; जाडजूड जोडणी करून घेतली तर चार. ज्याचे कामाचे ठिकाण पंचवीस किलोमीटरच्या आत आहे त्याला महिनोन्‌महिने पंपाचे तोंड पाहावे लागत नसे. इतके, की इंजिनाला गंज चढू नये म्हणून सहा आठवडे स्वस्थ पडलेले इंजिन आपण होऊन थोडा वेळ चालावे, आणि टाकीतले पेट्रोल वर्षभर जुने झाले की गाडीने ते स्वतःच जाळून संपवावे, अशी योजना करावी लागली. बसून राहिलेल्या बैलालाही शेतकरी अधूनमधून जुंपतो, तसेच हे.

पण सर्वांनी असे केले नाही. अनेकांना गाडी तिच्या सवलतींसाठी हवी होती. कॅलिफोर्नियात २०१२ पासून अशा गाडीला हिरवी चिठ्ठी मिळे. ती लावली की गर्दीच्या वेळीही एकट्याने राखीव मार्गिकेतून जाता येई. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी नोकरांना दिलेल्या अशा गाड्यांची २०१८ साली पाहणी झाली तेव्हा काही गाड्यांतील तारा वेष्टणाबाहेरही निघाल्या नव्हत्या. पेट्रोल कंपनीच्या खात्यावर, वीज मात्र घरच्या बिलात. मग तार कोण खोचणार? त्याच वर्षी तेथील सरकारने अनुदान थांबविले. २०२४ च्या मार्चमध्ये युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी काढली. प्रयोगशाळेत जेवढा धूर निघेल असे सांगितले होते त्याच्या सरासरी साडेतीन पट निघत होता. गाडीत दोष नव्हता. घरी गव्हाण होती, वैरणही होती. पण टाकणाऱ्याचा हात उठत नव्हता. महायुद्धातल्या भट्टीवाल्या चालकाला ह्याचे मुळीच आश्चर्य वाटले नसते.

आपल्या देशात ही गाडी आली ती श्रीमंतांच्या दिंडीदरवाजाने. २०१५ साली बी.एम.डब्ल्यू. आय-८ आली, दोन कोटींच्या वर किंमतीची. २०१६ साली व्हॉल्वोची एक्स.सी. ९० टी-८, सव्वा कोटीची. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागला तेव्हा विजेच्या मोटारीवर बारा टक्के कर बसला आणि २०१९ साली तो पाचावर आला. दोन शक्तींच्या मोठ्या मोटारीवर मात्र अठ्ठावीस टक्के आणि वर पंधरा टक्के उपकर, असे त्रेचाळीस झाले. दोन तोंडे असली की कर घेणारा मोठे तोंड धरतो. तेव्हा सक्करदऱ्याच्या गल्लीत ही मोटार दिसली नाही ह्यात नवल ते काय? तिच्याऐवजी येथे आली ती तिची गरीब भावंडे, विजेची रिक्षा आणि विजेची स्कूटर.

विजेची रिक्षा आधी आली आणि कायदा मागाहून आला. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिला बंदी केली. २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ती अधिकृत झाली. त्या वेळी केंद्रात वाहतूक खाते नागपूरचे खासदार नितीन गडकरी ह्यांच्याकडे होते, त्यामुळे नागपुरात तिची चर्चा घरोघरी झाली. ह्या रिक्षेत बहुधा बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि त्या भरावयास रात्रीचे आठ-दहा तास लागतात. म्हणजे बैलाचाच वेळ. ज्या रिक्षावाल्याच्या घरापुढे हातभर ओटा आणि एक खटका आहे, त्याची रात्र सुखाची. ज्याला नाही, त्याला कोणाच्या तरी मीटरवर दररोज पैसे मोजून तिला बांधावी लागते.

हाच प्रश्न नागपुरात २०१७ साली मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. २६ मे रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी ह्यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने येथे सुमारे दोनशे विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू केला. त्यांत महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस जातीच्या शंभर मोटारी होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या एका पंपावर चार्जिंगची सोय झाली आणि पंपावरील देशातले पहिले केंद्र म्हणून ती गाजली. मोटारी चांगल्या होत्या. एका भरणीत ११० ते १४० किलोमीटर जातील असे बनविणाऱ्यांचे सांगणे होते. पण टॅक्सीवाल्याचा दिवस तेवढ्यात भागत नाही. दिवसातून पुन्हा भरावे लागे, केंद्रे थोडी, रांगा लांब. २०१८ च्या आरंभी वृत्तसंस्थांनी छापलेल्या हकिकतींत काही चालकांनी मोटारी परत करून डिझेलच्या घेतल्याचे आणि एका वस्तीतल्या लोकांनी रस्ता अडतो म्हणून केंद्राविरुद्ध तक्रार केल्याचे आले होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली ओलाने जो अहवाल काढला त्यात ह्या वाहनांनी पंचाहत्तर लाख किलोमीटर धाव घेतली आणि पावणेसहा लाख लिटरच्या आसपास इंधन वाचले असा हिशेब दिला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोटार धावली आणि चालक कंटाळला, ह्यात विरोध नाही. त्याला मोटार मिळाली होती, खुंटा मिळाला नव्हता.

आता आजच्या सक्करदऱ्यात संध्याकाळी फिरून पाहावे. जुन्या प्लॉटवरील घरांत, जेथे पूर्वी गाय बांधलेली असे तेथे, स्कूटर उभी असते आणि खिडकीतून एक तार तिच्याकडे आलेली असते. शेजारी विचारतो, "काय भाऊ, लावली का चार्जिंगले?" हा प्रश्न पूर्वी "ढोरं बांधली का?" असा असे. मोटारीची तार मात्र स्कूटरच्या तारेसारखी बेफिकिरीने टाकून चालत नाही. पंधरा अँपिअरच्या खटक्यावरून दोन-तीन किलोवॅट तास न्‌ तास वाहत राहतात. पंखा किंवा दिवा असे कधी करीत नाही. जुन्या घरातील बारीक तार तापते, सैल खटका काळा पडतो. म्हणून मीटरपासून वेगळी जाड तार, स्वतंत्र एम.सी.बी. आणि खरीखुरी अर्थिंग, ह्या तीन गोष्टींवर चांगला वायरमन अडून बसतो, आणि त्याचे ऐकावे. पावसात तारेचे तोंड उघड्यावर राहू नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, घरोघर कूलर चालू असतात, तेव्हा संध्याकाळी येताच गाडी जोडण्याऐवजी मध्यरात्रीनंतर जोडावी; गाडीची बॅटरीही तोवर निवते आणि गल्लीच्या रोहित्रालाही उसंत मिळते. दहा-बारा युनिटांची बॅटरी असली तर पहाटेपर्यंत ती सहज भरते.

ज्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी फाटकाबाहेर, त्याची गोष्ट निराळी. फ्लॅटच्या इमारतीत मीटर सामाईक, जागा आखून दिलेली आणि सभेत एक जण तरी म्हणणारच, आमच्या विजेवर ह्यांची मोटार का? सरकारने ह्या दिशेने काही पावले टाकली आहेत. गाडीत वीज भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, तिला वेगळा परवाना नको, असा खुलासा केंद्राने २०१८ च्या एप्रिलात केला. २०१९ साली आदर्श बांधकाम नियमांत नव्या इमारतींच्या वाहनतळापैकी वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूद झाली. पण नियम नव्या इमारतींना. गाव जुन्या इमारतींत राहते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. सक्करदऱ्यात धूर न सोडणारी गाडी जी वीज पिते, ती पुष्कळशी कोळशाचीच असते. नागपूरच्या उत्तरेला कोराडीत १९७४ पासून वीजनिर्मिती चालू आहे; अलीकडे तेथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच बसले. जवळच खापरखेड्याचे केंद्र आहे. दक्षिणेला उमरेडकडे कोळशाच्या खाणी आहेत. म्हणजे महायुद्धात बसच्या मागे लटकणारी भट्टी आता गावाबाहेर नेऊन मोठी केली, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मात्र एका भट्टीला गाळण्या लावणे हजार गाड्यांना लावण्यापेक्षा सोपे असते, आणि छपरावर ऊन पडते त्याचीही वीज होऊ शकते. नागपुरात उन्हाची वाण तर नाहीच.

ह्या सगळ्याचा मथितार्थ सोपा आहे. दोन तोंडांची मोटार चांगली की वाईट, हा वाद कारखान्यात सुटत नाही. ज्याच्या दारात खुंटा आहे आणि ज्याला संध्याकाळी वैरण टाकण्याची सवय आहे, त्याच्या घरी ती अर्धी विजेची होते. ज्याच्याकडे दोन्हींपैकी एक नाही, त्याच्या घरी ती महागडी आणि जड पेट्रोलचीच मोटार राहते. सवय ज्याची त्याने लावून घ्यावयाची. पण खुंटा ही एकट्याची गोष्ट नाही. तो गल्लीने, सोसायटीने, नगरपालिकेने आणि वीजमंडळींनी मिळून रोवावयाचा असतो. पूर्वी गावात पांथस्थाच्या बैलांसाठी पाण्याचा हौद बांधणे पुण्याचे काम समजत. तसा एखादा हौद विजेचा असावा, बुधवार बाजाराजवळ असावा, उमरेड मार्गावर असावा, आणि तेथे बड्या मोटारीच्या आधी रिक्षावाल्याला जागा मिळावी.

पूर्वी दिवाळीच्या दिवशी गोठ्यात पहिली पणती लागे. ज्यांच्या दारी ह्या वर्षी चाकांचे नवे जनावर आले असेल, त्यांनीही फराळाला बसण्यापूर्वी ते बांधले आहे की नाही हे पाहावे.